एकदाच विचारणारा

काचेचं दार मी खांद्याने ढकलत होते. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्यांचा खोका, आणि दार काही केल्या हलेना.

"उघड ना मेल्या!"

"उघडेल की... पण ओढलंत तर," मागून आवाज आला. चक्क मराठीत! घरापासून इतक्या लांब!

वळून पाहिलं. पांढरा कोट, कपाळावर चढवलेला चष्मा आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू. आम्ही पाणी तपासतो त्या प्रयोगशाळेत वजनकाट्यांची खोली त्याच्या ताब्यात होती. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं - तराजू.

परदेशात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. दिव्याचं बटण इथे उलटं, गरम पाण्याचा नळ भलत्याच बाजूला, लिफ्टमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघणार. बोटाला दोन चटके बसल्यावर नळ पाठ झाला. तराजू मात्र पाठ होईना.

जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा पुढे केला. "घेता थोडं?"

"नको, नको... कशाला!"

"बरं." डबा मागे गेला.

मी बघतच राहिले. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे नुसता नमस्कार; खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. मावशी तर तिसऱ्या 'नको'ला वाढून मोकळी होते! संध्याकाळी पाऊस होता, त्याने छत्रीत बोलावलं. मी म्हटलं, "राहू दे, जाईन मी." तो म्हणाला, "बरं." आणि मी ओलीचिंब घरी.

फोनवर आई हसत सुटली. "मग नको म्हणतेस कशाला?"

"तूच शिकवलंस!"

"ते पाहुण्यांकडे गं! भूक लागल्यावरही लाजायचं, असं कधी शिकवलं?"

पुढे महिने गेले. एकदा मी वजन घेत होते, आणि काट्यावरचा शेवटचा आकडा काही स्थिर होईना.

"श्वास हळू घ्या," तो दारातून म्हणाला.

"माझ्या श्वासाने नाही हलत. तुम्ही तिथे उभे आहात म्हणून हलतंय."

"मी? इतक्या लांबून?"

"हो ना... शास्त्रात बसत नाही खरं."

त्याचे कान लाल झाले.

मग एका संध्याकाळी काट्याची ताटली पुसता पुसता तो म्हणाला, "दुसऱ्या शहरात आपलीच नवी प्रयोगशाळा निघतेय. मी उद्या निघतोय. तिथे अजून एक जागा आहे... तुम्ही याल? म्हणजे - नुसतं कामासाठी नाही विचारत."

हेच तर मला ऐकायचं होतं! आणि तोंडातून, सवयीने, बाहेर पडलं, "छे! मी कुठे... नको हो."

"बरं," तो म्हणाला. या वेळी हसू कुठल्याच कोपऱ्यात नव्हतं. कोट खुंटीला अडकवून तो निघाला.

मी उभीच. आता वळेल, आता पुन्हा विचारेल... जिन्यावरची पावलं लांब गेली. कोणी वळणार नव्हतं. त्याला आग्रह करता येत नव्हता असं नाही. माझ्या शब्दावर त्याचा पहिल्याच फटक्यात विश्वास बसायचा. आणि मी त्याला खोटा शब्द दिला होता.

मी धावत सुटले. लिफ्टची वाट कोण बघतो! खालच्या पायरीवर त्याला गाठलं.

"थांब! पुन्हा का नाही विचारलंस?"

"तुम्ही नको म्हणालात ना. नको म्हटल्यावर मागे लागणं... मला नाही जमत."

"मग आता नीट ऐक. मला यायचंय. कामासाठी, आणि - त्याहून जास्त तुझ्यासाठी. तू मला आवडतोस."

आजूबाजूची बुटांकडे बघणारी माणसंसुद्धा आमच्याकडे बघू लागली. त्याने चष्मा काढला, पुसला, उलटा घातला.

"खरंच? म्हणजे... येशील?"

"हो."

"नक्की येशील?"

"हो रे!"

"विचार करून सांग हं. येशील ना?"

"अरे, किती आग्रह करशील?" मी त्याचा हात धरला. "चल वर. साहेब घरी जायच्या आत ती जागा माझ्या नावावर करून टाकू!"