पडदा काहून हलला?

भिंग परत करायला मी प्रयोगशाळेत शिरले, तर शालिकराम दारातच आडवा आला.

"देवकी, थोडा वेळ बोलता का?"

एमएस्सीची दोन वर्षं मी याच वाक्याची वाट पाहिली होती. पण पुढे तो म्हणाला, "प्रयोगात पुतळ्याच्या तोंडाचं माप झालं. आता जिवंत, बोलता चेहरा पाहिजे."

घ्या. बसले स्टुलावर.

खिडक्यांना काळे कागद, मे महिन्याचा उकाडा, आणि टेबल थरथरतं म्हणून कूलरही त्याने बंद केलेला. प्रोजेक्टरमधून उजेडाच्या उभ्या रेषा माझ्यावर आणि मागच्या पडद्यावर पडल्या. पडद्यावर त्या सरळच राहतात, चेहऱ्यावर वाकतात. किती वाकल्या, त्यावरून गाल कुठे किती उंच ते काढायचं.

"रोलमध्ये एकच फोटो उरला," कॅमेऱ्यामागून तो म्हणाला. "मान हलवू नका. फक्त बोला."

"काय बोलू?"

"काहीही... घरचं सांगा."

मग सांगितलंच. आज नाही तर कधीच नाही.

"रविवारी उमरेडला मले पाहायले येऊन राहिले. पोरगा बँकेत आहे. बाबाचा होकारच समजा."

खट्.

ऐकलंच नाही असं करून त्याने फिल्म धुवायला घेतली. मला रडू येत होतं, त्याहून जास्त राग. असल्या माणसावर जीव लावला म्हणून स्वतःचाच.

ओली फिल्म दिव्यासमोर धरून तो पुटपुटला, "बिघडला. तुम्ही हलल्या."

मी ती हिसकावूनच घेतली. चेहऱ्यावरच्या रेषा दुहेरी आल्या होत्या, खरं. पण मागच्या पडद्यावरच्याही.

"मी हलली, तर पडदा काहून हलला?"

"कूलरनं..."

"कूलर बंद होता."

फिल्म परत घ्यायला त्याने हात पुढे केला. मी दिली नाही.

"कॅमेऱ्यावर हात कोणाचा होता, शालिकराम?"

"माझा." तो दिव्याकडे वळला. "पोरगा बँकेत आहे म्हणाल्या ना... तवा थरथरला."

माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी मी पुसलं नाही. पाहू दे म्हटलं.

"उद्या तुमच्या बाबाले भेटतो," तो म्हणाला. "रविवारच्या आधी."

"तिथं हात थरथरून नाही चालणार."

"थरथरंल," तो म्हणाला. "तुम्ही बाजूले उभ्या राहा."