मेलितोनचा कोयता

एक जिवंत, बिनविषारी राजसर्प आणायचा, एवढ्यासाठी तिघं दुरांगोच्या डोंगरात शिरले होते. सापांच्या अभ्यासक एउलालियाबाई सात वर्षं त्याच्या मागे होत्या. आजवर सापडले ते रस्त्यावर चिरडलेले. वाट दाखवायला मेलितोन होता आणि त्याचा धाकटा भाऊ निकानोर, गावातला एकुलता एक व्हायोलिनवाला.

बाईंनी निघतानाच बजावलं होतं, "हुबेहूब तसाच दिसतो कोरालियो, आणि तो विषारी! साप दिसला की मला हाक मारा."

चौथ्या दिवशी पावसानं पायवाटच खाल्ली. खेचर दरीत कोसळलं, मक्याच्या पिठासकट! उपाशीपोटी तिघं कडा चढू लागले.

"बाई, तुमच्या सापापायी आता सापच खायची पाळी आली!" निकानोर हसला आणि आधाराला त्यानं कपारीत हात घातला.

"दादा!"

डाव्या तर्जनीला लाल, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचा साप लटकला होता.

डोंगरात रीत एकच. कोरालियो बोटाला चावला की ते बोट ठेवायचं नाही. आजोबांचं असंच गेलं होतं. निकानोरनं साप झटकला, स्वतःच हात वाटेतल्या ओंडक्यावर ठेवला, डोळे मिटले.

"थांबा! मला बघू दे!" बाई खालून ओरडत होत्या.

मेलितोन थांबला नाही. कोयता बोटावर पडला. निकानोर बेशुद्ध झाला.

मेलितोन जखम आवळून बांधत होता, तोवर बाईंनी वर येऊन तोच साप पकडला. तो त्यांच्याही अंगठ्याला कडकडून चावला.

"हात ठेवा ओंडक्यावर!" मेलितोननं पुन्हा कोयता उचलला.

"ठेव तो खाली." बाई रडत होत्या. "हा राजसर्प आहे. याला विष नसतं रे."

मेलितोननं पाईनच्या सुईसारख्या पानांवर पडलेलं बोट पाहिलं. व्हायोलिनच्या तारा दाबणारं बोट. आपणच आपल्या हातानं भावाचं वाटोळं केलं!

बाईंनी साप पिशवीत घातला, तसा मेलितोन पुढे झाला. "हा गावात नेलात तर निकानोरला कळेल, बोट फुकट गेलं."

"सात वर्षं, मेलितोन!"

"ते बोट एकवीस वर्षांचं होतं, बाई."

बाईंनी बेशुद्ध निकानोरकडे पाहिलं. मग पिशवीची गाठ सोडली. साप कपारीत निघून गेला.

निकानोरनं डोळे उघडले. "खरा कोरालियोच होता ना, दादा?"

"खराच होता."

निकानोरनं दादाचा उजवा हात ओढून ओठांना लावला. "तू होतास म्हणून वाचलो! आईला सांगेन."

मेलितोनला तो हात काढून घेता येईना.