दौतीची जागा

लायमन स्टॉडर्डला जाऊन तीन आठवडे झाले, तरी त्याच्या टेबलावरची दौत सायलस पेनिमनने हलवली नव्हती. ती डावीकडेच होती.

या दौतीपायी दोघा वकिलांचं एकवीस वर्षं भांडण चाललं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात लायमनचा उजवा हात खांद्यापासून गेला. गडी कर्नल होऊन परतला, दोनदा काँग्रेसवर निवडून गेला, डाव्या हाताने मागे झुकलेली वेडीवाकडी अक्षरं काढायला शिकला. पण दौत सवयीने उजवीकडेच ठेवायचा आणि मग स्वतःलाच शिव्या घालायचा. रोज सकाळी सायलस ती डावीकडे सरकवायचा.

"तुझा हात तिकडे नाही रे बाबा!"

"मला सांगतोस? तो बेटा अजून खाजतो."

आता ते भांडणही गेलं. सायलसला कचेरी खायला उठायची.

कोल्डब्रुक गावात आज घरोघरी लायलॅकची फुलं बादल्यांत भिजत होती. उद्या शिपायांच्या थडग्यांवर ती वाहायची, मग सभागृहात मृत शिपायांची नावं वाचायची, आणि प्रत्येक नावाला घरच्या माणसाने 'हजर' म्हणायचं. ती यादी न्यायला सायलस दुपारी कचेरीत आला, तर ऑर्फा टटल ही ऐंशीची म्हातारी जिना चढून आधीच बसलेली.

"माझ्या एबेनचं नाव यंदा वाचणार ना रे?"

तिचा मुलगा एबेन लष्कराच्या कागदोपत्री पळपुटा होता. खरं तर जखमी लायमनला पाठीवर घेऊन त्यानेच नदी पार केली, त्याला काठावर ठेवलं आणि स्वतः वाहून गेला. तेव्हा तापात असलेल्या लायमनला हे कधीच आठवलं नाही. या हिवाळ्यात अंथरुणाला खिळल्यावर एकाएकी आठवलं. त्याने सायलसकडून तसं प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं, पण सही करायच्या आतच तो गेला.

"सही नाही, मावशी. त्याशिवाय यादी ठरवणारी समिती ऐकायची नाही."

"मग तूच कर की! त्याचं ते तिरकं अक्षर तुला येतं."

"येतं. पण खोटी सही केली तर थडग्यातून उठून बदडेल मला."

म्हातारी हसली, मग रडली. "पुढच्या वर्षी मी नसेन रे…"

सायलसला भरून आलं. तिचा हात धरून तो तिला जिना उतरवू लागला. अर्ध्यात पोचले तोच वर खुर्ची करकरली. मग टाक कागदावर फिरल्याचा आवाज… अगदी सावकाश.

"वर कोण आहे?" ऑर्फाने विचारलं.

"कुणी नाही…"

कचेरीला दुसरा जिना नव्हता. तिला खाली सोडून तो परत वर आला. खोलीत कुणी नव्हतं. लायमनच्या तंबाखूचा वास मात्र दाटला होता. दौत उजवीकडे होती. सायलसने तिला हात लावला, तर ती कोमट लागली.

टेबलावरच्या प्रतिज्ञापत्रावर सही होती. शाई ओली होती. मागे झुकलेली अक्षरं नव्हेत. सरळ, गोलाईदार, देखणी. ऐन तारुण्यात एकाच टेबलाशी बसून कायदा शिकताना सायलसने पाहिलेली. युद्धाआधीची.

जाताना त्याने दौत डावीकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात समितीच्या अध्यक्षांनी कागद न्याहाळला. "ही कर्नलसाहेबांची सही वाटत नाही."

"त्याच्याच हातची आहे. शपथेवर सांगतो."

"कुठल्या हातची?"

सायलसने घाम पुसला. "उजव्या."

अध्यक्षांनी सायलसकडे बराच वेळ पाहिलं आणि यादी उचलली. "लायमन स्टॉडर्ड." त्याचं मागे कुणी नव्हतं, म्हणून सायलस उठून "हजर" म्हणाला. "एबेन टटल." ऑर्फा दोन्ही हात काठीवर रेटून उभी राहिली, आणि तिचा "हजर!" पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

त्या आनंदातच सायलसने दुसऱ्या सकाळी कचेरी उघडली. दौत उजवीकडे होती.

"तुझा हात तिकडे…" तो सवयीने म्हणाला, आणि 'नाही' न म्हणताच त्याने दौत तिथेच राहू दिली.