आसंधाला आवतन

शेळी माझ्या खिडकीखाली ओरडली आणि रात्रपाळी करून आलेली मी ताडकन उठले. नर्सच्या नोकरीत दिवसा झोपावं लागतं, आणि माझी झोप तर आधीच रुसलेली. भांडायच्या तयारीनंच बाहेर आले.

"ही काय शेळ्या चारायची जागा आहे?"

"आमचं चराऊ रान हेच व्हतं, ताई. कॉलनी मागनं आली."

फुलंब्री रोडला हर्सूलच्या पुढं नवी घरं उठत होती, तिथलंच आमचं एक. खरं बोलला होता शेळीवाला मेला! उन्हानं रापलेला चेहरा, खांद्यावर घोंगडी, आणि डोळे... जाऊ दे.

"झोपमोड झाली व्हय?"

"झोपच येत नाही, तर मोडणार काय?"

"आसंधाची मुळी देतो. दुधात उकळून घ्या. दुष्काळात समदं करपलं, पण बांधावर आसंध तेवढं हिरवं हाय." मग घुटमळत म्हणाला, "नाव सांगा."

"नाव कशाला?"

"आदल्या सांजेला झाडाला आवतन द्यावं लागतं. अमक्याच्या झोपेसाठी उद्या न्यायला येतो, असं सांगायचं. बिननावाचं आवतन झाड घेत नाय."

मला हसूच फुटलं. आमच्या बौद्ध घरात नवस-सायास कुणी करत नाही, आणि हा झाडाला निमंत्रण देतो! तरी सांगितलं, "सुकेशनी."

"मी आदिनाथ."

दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन आला तेव्हा 'ताई' गळून पडली होती. ते माझ्या बरोब्बर लक्षात आलं.

आसंध म्हणजे दुकानातली अश्वगंधा. कडूजहर! पण थोड्याच दिवसांत मला गाढ झोप लागायला लागली. हे त्याला सांगितलं असतं, तर तो पुन्हा कशाला आला असता? म्हणून तो पुडी घेऊन आला की मी कपाळाला आठ्या घालायचे, "छे, डोळ्याला डोळा नाही!" मग कुंपणाशी उभं राहून गप्पा... टँकरच्या, शेळ्यांच्या, कशाच्याही.

एका दुपारी मात्र तो आला आणि पुडी हातातच धरून उभा राहिला.

"परवा पैठणकडं निघतो. हितं प्लॉटांना तारा ठोकल्या. धरण आटलंय, तिथल्या गाळात चारा हाय म्हणत्यात."

तो गेला की गेलाच.

"आणि माझी झोप?" मी कसंबसं विचारलं.

"तुमाला लागती की! काल खिडकीखाली दोन बोकड झुंजले, पत्रा पाडला... तुमी हलल्या बी नाय."

चोरी पकडली होती. मी लाजेनं अर्धमेली झाले, पण हार मानणारी थोडीच! "मग ही हातातली पुडी? झाडाला खोटं आवतन दिलंत?"

"खोटं कसं देईन?" तो खाली बघत म्हणाला. "ही माझी हाय. माझ्याच नावानं दिलं. लई दिस झाले... मला झोप नाय."

"कशानं?" मला ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"तुमच्यानं."

मला इतकं बरं वाटत होतं की रडूच येईल की काय वाटलं.

"जायच्या आधी, उद्या सकाळी माझ्या बाबांना भेटा," मी म्हणाले.

"आन् ते नाय म्हणले तर?"

"तर मी पैठणला बदली मागते. दवाखाने तिथंही आहेत."