सोनपुतळीचे वऱ्हाडी

दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींची रविवारची पूजा एक वेळ चुके, पण टॉकीजमधला सकाळचा खेळ चुकत नसे. खेळ कायम एकच, 'सोनपुतळीची वरात'. महाराष्ट्रात हा संगीतपट आठवडाभरात गडगडला होता म्हणे. बडोद्यात मात्र तो आणीबाणीच्या आधीपासून दर रविवारी चालत होता. आणि तो बघायला कुणीच येत नसे. लोक लग्नाला येत.

डावीकडे मुलीकडचे, उजवीकडे मुलाकडचे. पडद्यावर दुष्ट मामा आला की खुर्च्या बडवायच्या. नवरदेव पळून जातो आणि भरल्या मांडवात नवरी सोना विचारते, "आहे का कुणी माझ्या बाजूचं?" की अख्खं थिएटर उभं राहून ओरडे, "आम्ही आहोत की!" शेवटी लग्न लागताना पूर्वी अक्षता उडायच्या. उंदीर झाले म्हणून मॅनेजरने हात जोडले, तेव्हापासून कुरमुरे.

विजयमाला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पहिल्यांदा ती आली ती नाक मुरडतच, नवऱ्याने ओढून आणली म्हणून. उदयसिंहराव एरवी घुमे. शहराबाहेर छाणीला त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं. दिवसभर लेथपाशी, संध्याकाळी पेपरात डोकं. तोच माणूस इथे रुमाल हवेत फिरवत वरातीपुढे नाचतो, हे तिने पाहिलं आणि ती हसून हसून रडली. त्यानंतर तिने एकही रविवार सोडला नाही. खेळ सुटला की दोघं घामाघूम होऊन सेवउसळ खायची, आणि सोमवारपर्यंत घरात गाणी चालायची.

एका उन्हाळ्यात तिच्या लक्षात काहीतरी आलं. सोनाच्या एका वाक्यावर हशा फार वेळ चालला, आणि पडद्यावरची सोना थांबली. हसू ओसरल्यावरच पुढचं बोलली.

"रीळ घासलंय," विजयमाला मनाशी म्हणाली. पुढच्या रविवारी हशा लवकर संपला. सोना लवकर बोलली.

मग श्रीपतरावांचा दिवस आला. हे बँडमध्ये आयुष्यभर कर्णा वाजवून निवृत्त झालेले, पहिल्या रांगेचे मालक. दर रविवारी नवा टोमणा मारायचा मान त्यांचा. त्या दिवशी ते गरजले, "मामा, धोतर सांभाळा!"

पडद्यावरच्या मामाने झटकन कमरेला हात लावला.

थिएटर कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या.

"अहो, तो आधी असा हात लावायचा?" विजयमालाने विचारलं.

"लावत असेल गं!" डोळे पुसत उदयसिंहराव म्हणाले. "मजा आवी गई ना?"

मजा तर आलीच होती. म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी ऐन लग्नाच्या गाण्यात रीळ तुटलं. पडदा पांढरा झाला, पेटी आणि सनई दोन्ही गप्प. पण लोक कसले थांबतात? त्यांनी गाणं तसंच पुढे ओढलं, टाळ्यांवर, खुर्च्यांवर. कडव्याच्या शेवटी सोनाची तान असते. ती जागा आली.

तान आली. स्वच्छ, ओल्या गळ्याची, पांढऱ्या पडद्यातून.

लोकांना वाटलं, मशीन सुरू झालं. आरोळी उठली. विजयमाला मात्र जिना चढून वर गेली. ऑपरेटर तुटलेल्या फिल्मची दोन टोकं हातात धरून उभा होता. त्याचे कान खालीच लागले होते.

"बेन," तो हळूच म्हणाला, "अवाज तो बंध छे."

ती खाली आली तेव्हा श्रीपतराव उठून उभे राहिले होते. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

"आम्ही आहोत की!"

ते बोललेच नव्हते. पडद्यामागून शेकडो माणसं एका आवाजात ओरडली होती, आणि लगेच खदखदून हसली होती. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. आपल्या लाडक्या नटाचं वाक्य आपणच आधी म्हणून टाकल्यावर लोक हसतात ना, तसं.

मग पुढच्या रांगांवर अक्षता पडल्या. समोरून. पिवळ्या, हळदीचा वास असलेल्या.

लोक नाचतच राहिले. उदयसिंहरावांच्या केसांत तांदूळ अडकले होते, आणि इतके सुंदर ते लग्नातही दिसले नव्हते. विजयमालाने त्यांचा हात धरला आणि तीही नाचली. भीती वाटायला हवी, हे तिला कळत होतं. वाटत नव्हती.

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. साखर संपल्याचं सांगायला तिने तोंड उघडलं.

"अहो, साखर संपली!"

भिंतीपलीकडून, खूप लांबून, भरल्या थिएटरने तिचं वाक्य म्हटलं. तिच्या आधी. मग हशा.

तिने गाळणी खाली ठेवली. ती चक्क लाजली.

"येताना आणतो," उदयसिंहराव म्हणाले. त्यांच्याबरोबर पलीकडचेही म्हणाले. कुणीतरी शिट्टी मारली.

उदयसिंहरावांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. ते चहा प्यायले. डबा घेतला. स्कूटरची किल्ली उचलली.

पलीकडचा आवाज हळूहळू बसला.

त्यांनी चपला घातल्या. आता कुणी हसत नव्हतं. एक बाई हुंदका दाबत होती. तिला कुणीतरी "शू" केलं.

"येतो गं," उदयसिंहराव म्हणाले.

येतो गं, सगळे म्हणाले. अगदी हळू.

विजयमाला दारात आली. तिने त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"आज जाऊ नका."

हे वाक्य तिच्याबरोबर कुणीच म्हटलं नाही.

उदयसिंहराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले आणि चपला काढू लागले. पलीकडे खुर्च्या करकरल्या. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी शेजारच्याला कुजबुजत विचारलं, "हे आधी होतं?"