राहिलेले अकरा दिवस

“नेम झेपेल तेवढाच धर, अंबिका. पण एकदा धरलास की मोडू नकोस.”

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी चातुर्मास लागला की तिचं हे वाक्य कानात येतंच. यंदा मी मौनभोजनाचा नेम धरला. चार महिने, जेवताना एक अक्षर बोलायचं नाही. घरी सोपं होतं. शेंद्र्याला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मात्र दीडशे माणसं, ताटांचा खडखडाट, आणि कोपऱ्यात मी एकटी मुकी!

तिसऱ्याच दिवशी एक उंच मुलगा समोर येऊन उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “या टेबलावर सगळ्यात कमी आवाज आहे. बसू?”

मी मान हलवली.

हात धुताना त्याला नेमाचं सांगितलं, तर केवढा खूश झाला! “म्हणजे रोज हेच टेबल... छान. मी हिमांशू. रंगतपासणीत आहे. मला ऑटिझम आहे. घाबरू नका, लागत नाही.”

मग रोज तो बोलायचा, मी ऐकायचे. पांढऱ्याच्या चौदा छटा त्यानं मला शिकवल्या. एकदा माझ्या ओढणीकडे बघत म्हणाला, “हा हिरवा मंगळवारच्या हिरव्यापेक्षा कमी दमलाय.” माझा घास घशातच... आणि बोलायची सोय नाही!

वाढणाऱ्या भामाबाई डोळे मिचकावायच्या. “काय गं माय, त्या पोरासाठी नवस केलास व्हय? लई गोड लाजतीस!”

“लोक तुम्हाला स्वमग्न म्हणतात... राग नाही येत?” मी एकदा नळाशी विचारलं.

“येतो. कारण चूक आहे ते. दोन महिने झाले, मी तुमच्यातच मग्न आहे.”

माझ्या ओंजळीतलं पाणी सगळं सांडून गेलं.

त्यानंच एकदा सांगितलं होतं, “वाढदिवसाला तोंडाला केक फासतात ना... मला कातडी सोलल्यासारखं होतं. त्या दिवशी मी सुट्टीच घेतो.”

यंदा सुट्टी मिळाली नाही.

पोरं वाईट नव्हती. जेवणाच्या सुट्टीत टाळ्या, शिट्ट्या वाजवत केक घेऊन आली. हिमांशूनं दोन्ही कान झाकले आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढंच. माझ्या ताटात अर्धी पोळी होती. ‘थांबा’ — एकच शब्द लागत होता. नेमाचे अकरा दिवस राहिले होते. मी ओठ मिटून ठेवले.

मग केक. मग त्याची किंकाळी. मग टेबलावर आपटणारं त्याचं कपाळ... कुणीतरी मोबाईलही काढला.

तो परत कामावर आलाच नाही.

कार्तिकी एकादशी झाली. उद्यापनाला रिवाजाप्रमाणे मी देवळात घंटा दिली. पुजाऱ्यांनी टोल दिला, तशी केवढी खणखणीत वाजली ती! मला तेवढंही जमलं नव्हतं.

शेवटी धीर करून गारखेड्याला त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं दारातच डोळ्याला पदर लावला. “महिना झाला, खोलीतून निघत नाही. जेवत नाही. परवा म्हणाला, मी नसतो तर बरं... डॉक्टर म्हणतात, ही मुलं अशीच असतात.”

खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, “तुम्ही बोलला असतात तर ते थांबले असते?”

“हो.”

“मग?”

“नेम होता...”

“किती दिवस राहिले होते?”

“अकरा.”

“मीही मोडला नसता. पण दुखलं.”

मला रडू आवरेना.

“रडू नका. ऐका. मला सकाळी उठावंसंच वाटत नाही. हा ऑटिझम नाही, तो जन्मापासून आहे. हे आत्ताचं आहे. कुणाला फरकच कळत नाही, आणि डॉक्टरांपुढं माझे शब्द अडतात. तुम्ही सांगाल?”

“सांगेन. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ आपण.”

“कधी? बघू म्हणू नका.”

“शुक्रवारी. अकराला तुमच्या दारात येते.”

त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. “आणि... तुम्ही मला आवडता. हे डॉक्टरांना सांगायचं नाही.”

“मग कुणाला सांगू?”

“कुणालाच नको. तुम्हाला कळलं ना... बास.”

शुक्रवारी सकाळी मी पोथी वाचत होते. अध्याय निम्मा झाला असेल, तोच मोबाईलवर त्याचा निरोप उमटला. ‘तयार होऊन बसलोय. भीती वाटतेय. लवकर येता?’

अध्याय अर्धवट सोडत नाहीत. आजवर मी कधी सोडला नव्हता.

पानात तुळशीचं पान ठेवलं, पोथी मिटून कपाळाला लावली. चपला पायात सरकवल्या आणि निघाले.