लिटल हॅडनीचा उलटा दगड

"कबीर, सरळ उभा राहा! लोक बघतायत!" वरदा खेकसली.

"बोअर होतंय ताई!" हॉलसमोरच्या हिरवळीवर तिचा धाकटा भाऊ शीर्षासन करत होता.

होणारच! ऐन समर हॉलिडेतला शनिवार बाबांनी लिटल हॅडनी या इंग्लंडमधल्या त्यांच्या गावाच्या इतिहास मंडळाला देऊन टाकला होता. चर्चच्या पडक्या कुंपणात सापडलेला दगड आज हॉलच्या भिंतीत बसवायचा होता. अध्यक्ष थॉर्नलीसाहेबांनी पाटीही आणली होती, 'सजावटीची नक्षी'.

"ताई! नक्षी नाहीये ती! गो... दू... बाई! आणि सातारा!" भिंतीला टेकवलेल्या दगडाकडे बघत कबीर शीर्षासनातूनच ओरडला.

वरदाने मान वाकडी करून पाहिलं. खरंच की! अक्षरांच्या डोक्यावरची रेघ साहेबांनी खाली धरली होती. अख्खा दगड उलटा!

गोदूबाई! शेजारच्या नव्वद वर्षांच्या मिस पेल हेच नाव शोधत होत्या, तीस वर्षं! त्यांच्या आजीला आईच्या मायेने वाढवणारी आया याच गावात वारली होती. तिच्या कबरीच्या दगडापाशी एकदा तरी फुलं ठेवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मिस्टर थॉर्नली, तो दगड उलटा..."

"नॉट नाऊ, डिअर!"

तीनदा सांगितलं, तीनदा तेच! तिकडे गवंडी सिमेंट कालवायला लागला. वरदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय माणसं आहेत ही!

"कबीर, पळ! मिस पेलना आण!" असं म्हणून ती भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात जाऊन बसली. "आता बसवा दगड!"

"वरदा, खाली उतर!" बाबा ओरडले.

"नाही! बाबा, दर संडेला आम्हाला मराठी शिकवता ना? मग वाचा की! सकाळी तुम्हीच उचलून आणलात तो!"

बाबा वाकले, मान फिरवली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी गवंड्याच्या मदतीने मुकाट्याने दगड सुलटा केला.

मिस पेल काठी टेकत, धापा टाकत आल्या. वरदाने खाली उतरून त्यांचं बोट एकेका अक्षरावरून फिरवलं. "गो. दू. बाई."

"गोदूबाई," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मग त्यांना रडूच फुटलं.

थॉर्नलीसाहेबांचे कान लाल झाले. "यंग लेडी, चुकलो आम्ही. यापुढे पाटी लावण्याआधी तुम्हाला विचारू!"

"शाब्बास पोरांनो!" बाबा म्हणाले. "माझी शिकवणी कामाला आली!"

"शिकवणी? माझं शीर्षासन!" कबीर उखडला.

"मग हा दगड कुठे बसवायचा?" गवंड्याने वैतागून विचारलं.

"माझ्या आजीच्या कबरीशेजारी," मिस पेल म्हणाल्या.

संध्याकाळी चर्चच्या आवारात दोन दगड शेजारी उभे होते. मिस पेलनी फुलं आधी गोदूबाईंपाशी ठेवली.